छाट

शनिवार दुपार, विडी घरकुल, नववी ब.
पंखा एकच, तोही मास्तरांच्या खुर्चीपुरता.
मी नोटा वाटते.
नोटा म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातली उरलेली लेबलं.
मागच्या कोऱ्या बाजूला मी पेनाने लिहिलंय शंभर, पाचशे, हजार,
पुढच्या बाजूला आधीचंच छापलेलं:
शंभर टक्के सुती. गार पाण्यात धुवा.

खेळाचं नाव महिना.
प्रत्येकाला पगार बारा हजार.
डब्यात हात घालायचा, निघेल ती चिठ्ठी भोगायची.
महिनाअखेरीस ज्याच्याकडे जास्त उरेल, तो जिंकला.
हे वाक्य मी अकरा शाळांत म्हटलंय.
माझ्याकडे काय उरतं
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

मुदस्सर बागवानला आलं: मोबाईल पडला, काच फुटली.
"तसाच वापरतो मॅडम. बोटाला टोचतंय, तेवढंच."
आणि नोटा खिशात.

बसलिंग हत्तुरेला आली गड्ड्याची जत्रा, खर्च पाचशे.
"पाचशेत काय होतंय? पाळणा, मौत का कुआं,
आईला बांगड्या, धाकटीला पिपाणी…"
चौदा तारखेलाच भाऊ कफल्लक.
मागच्या बाकाकडून उसने घेतले, शेकडा दहाने.
मी खडू उचलला. "दहा कसे? वर्षाला की महिन्याला?"
"महिन्याला!"
सगळा वर्ग एका सुरात,
पाढा म्हणावा तसा.
हा पाढा मी शिकवला नव्हता.

नागमणी गुंडेटी अजून पहिलाच पगार मोजत होती.
एकदा मोजला. परत मोजला. मग उभी राहिली.
"मॅडम, पगार पुरा कसा काय आला?"
"म्हणजे?"
"छाट कुठंय?"

कुणीतरी हसलं. "गप बे," बसलिंग म्हणाला.
ती सांगत राहिली, मला नाही, फळ्याला:
"हजार वळल्या तरी हजार धरत नाहीत.
घेणारा मूठभर उचलतो.
ही सैल, ही आखूड, हिचं पान फाटकं.
बाजूला टाकतो.
त्यांचे पैसे नाहीत.
आणि त्या विड्या पण परत नाहीत."

पलीकडच्या गल्लीतला माग खटखटत होता,
तो एवढा वेळ चालूच होता की काय?

माझ्या डब्यात चाळीस चिठ्ठ्या होत्या.
दवाखाना होता, लग्नाचा आहेर होता,
लॉटरीसुद्धा होती.
मी तिला एक कोरं लेबल दिलं.
तिने लिहिलं: छाट. हजार रुपये.
मी डबा पुढे केला.
"डब्यात नको मॅडम.
डब्यातलं कुणाला येतं, कुणाला येत नाही.
हे सगळ्यांना."

मग अडतीस पोरं रांगेनं आली
आणि एकेक हजार माझ्या टेबलावर ठेवून गेली.
मुदस्सरने खिशातली नोट काढताना
दोनदा हात आत घातला.
बसलिंगने हजारासाठी पुन्हा उसने घेतले.
गठ्ठा वाढत गेला. बँक मीच होते,
हे मला तोपर्यंत ध्यानात नव्हतं.

नागमणीने गठ्ठ्याकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं.
"तुम्ही जिंकलात, मॅडम."
टोमणा नव्हता. हिशेब होता.

शेवटी नेहमीचा कागद: पाच वर्षांनी मी…
मुदस्सरने लिहिलं, काच बदलणार.
बसलिंगने, जत्रेत स्वतःचा पाळणा लावणार,
आणि कंसात: आपल्या वर्गाला फुकट.
नागमणीचा कागद कोराच.
बाकी सगळे घंटेबरोबर पळाले तरी ती तिथेच.
"सुचत नाही?"
"सुचलंय. पण लिहिलं तर आई रागवेल.
मी घेणारी होणार. विड्या घेणारी."

मला काय बोलावं कळेना.
तिने उजवा हात पुढे केला,
बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळा,
आणि मूठ मिटून दाखवली.

"बघा की.
माझी मूठ बारकी आहे."